रिकामा रकाना

सोमवार, २ फेब्रुवारी

हिशेबाच्या वहीत मी डाव्या पानावर खर्च लिहिते आणि उजवं पान कोरं राहतं. वर्षाकाठी निम्मी वही वाया जाते, हे कधीपासून डोळ्यांना खुपत होतं. तेव्हा आजपासून उजव्या पानावर मनातलं लिहायचं. मॅट्रिकला निबंधात मला चांगले गुण होते, पण पुढे जन्मात निबंध लिहायची वेळ आली नाही.

लिहावंसं वाटलं कारण घरातली दोन माणसं अस्वस्थ आहेत आणि दोघांनाही विचारून उपयोग नाही. एक सूनबाई. ती दिवसभर येरझारा घालते. दुसरे हे. हे खुर्चीत बसून खुर्चीच्या दांड्यावर बोटं वाजवतात.

आधी चांगलं लिहिते. आज जानेवारीचं कार्ड भरलं. ‘या महिन्यात किती वेळा पडले?’ शून्य. सलग पाचवं शून्य.

गेल्या वर्षी यांना लकव्याचा हलका झटका आला. उजवा पाय ओढतो, शब्द सावकाश येतात. इस्पितळाने अशा वयस्क माणसांसाठी व्यायामाचा वर्ग काढला आहे. तोल कसा सांभाळायचा, पायऱ्या कशा चढायच्या, पडलं तर कसं उठायचं, ते शिकवतात. निम्म्या माणसांना वर्ग, निम्म्यांना नुसतं छापील पत्रक, आणि दोन्हीकडच्या घरच्यांनी महिन्याचं कार्ड भरून द्यायचं. कोण कमी पडतं ते बघणार आणि मग वर्ग चालू ठेवायचा की नाही ते ठरवणार.

हे वर्गाला जात होते. तीन महिन्यांत दोनदा पडले. दुसऱ्यांदा इस्पितळाच्या उतारावर, माझ्या डोळ्यांदेखत. कपाळाला टाके पडले. त्या दिवशी मी देवाला साकडं घातलं, यांना पुन्हा पाडू नकोस, आणि वर्ग बंद केला. खुर्ची खिडकीशी आणली. पाणी, चष्मा, रेडिओ, औषधं सगळं हाताच्या अंतरावर ठेवलं. न्हाणीघरात जायचं तर माझ्या खांद्यावर हात. तेव्हापासून एकदाही पडलेले नाहीत. देवाने ऐकलं.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

सूनबाई इस्पितळाच्या संशोधन विभागात आकड्यांचं काम करते. मुलगा लांबच्या नोकरीवर, वर्षातून दोनदा येतो, त्यामुळे घरात आम्ही तिघंच. सगळी कार्डं शेवटी तिच्याकडे जातात, पण त्यांवर नावं नसतात, नंबर असतात. यांचा नंबर कुठला ते तिला ठाऊक नाही आणि ती विचारतही नाही. नियमाची पक्की. मला नियमाचं माणूस आवडतं, पण पायाला भिंगरी लावलेलं नाही. आज ती स्वयंपाकघराच्या दारापासून फडताळापर्यंत इतके वेळा गेली की मी तिच्यापुढे मटारच्या शेंगा ठेवल्या आणि म्हटलं, बसून सोल, हात चालले की पाय थांबतील.

हात चालले तसं तोंडही चाललं. तिला एक साचा निवडायचा आहे. ती मॉडेल म्हणते, मी साचा म्हणते. कार्डांवरचे आकडे त्यात घालायचे आणि वर्गाने फरक पडला की नाही ते काढायचं. मी म्हटलं, दोन्हीकडची बेरीज कर आणि बघ, त्यात काय एवढं.

“आई, एका माणसाचे बारा महिने म्हणजे बारा माणसं नव्हेत,” ती म्हणाली.

हे कळायला एवढं शिकावं लागतं का, असं मी विचारल्यावर हसली. म्हणाली, कळायला नाही लागत, पण विसरायला फार सोपं असतं. एका माणसाचे महिने एका आईच्या लेकरांसारखे, एकमेकांवर गेलेले. पडणारा पडतच राहतो, न पडणारा सहसा पडत नाही. म्हणून आधी प्रत्येकाला त्याची स्वतःची पायरी द्यायची आणि मग बघायचं, वर्गामुळे तो त्या पायरीवरून खाली आला का.

आणखी एक अडचण सांगितली. मोजणीसाठी पहिला म्हणून जो साचा वापरतात, त्याचा हट्ट असा की सरासरी जेवढी, तेवढाच आकड्यांचा फैलाव असला पाहिजे. पडण्याचं तसं नसतं. बहुतेकांचं काहीच नाही आणि एखादाच असा की महिन्यात आठ-आठ वेळा. “तुमच्या वहीतल्या दुधासारखं नाही, डॉक्टरसारखं आहे,” ती म्हणाली. “दूध रोजचं. डॉक्टर दहा महिने काही नाही आणि अकराव्याला दिवाळं.” हे मात्र मला लख्ख कळलं. अशा आकड्यांसाठी दुसरा साचा असतो, त्याचं नाव ऋण द्विपद. ऋण शब्द ऐकून मी विचारलं, कुणाचं कर्ज? तिने सांगितलं की इथे कुणी कुणाचं काही देणं लागत नाही, नुसतं नाव आहे.

मटार मात्र निम्मे तिनेच खाल्ले.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

आज कार्ड द्यायचा दिवस. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी वर्गवाले आणि पत्रकवाले सगळेच इस्पितळातल्या एका खिडकीपाशी येतात. खिडकीसमोर लांब बाक आहे. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंना श्वास घ्यायला फुरसत नसते, म्हणून माझं अक्षर बघून त्यांनी मला सांगितलं होतं, जरा बघाल का कुणाचं कार्ड अडलं तर. तेव्हापासून दर महिन्याला बाकावर बसून मी लोकांची कार्डं भरते. हीसुद्धा सेवाच. यांना घरी शेजारणीच्या हवाली करून येते.

लोक किती अर्धवट लिहितात. अर्ध्यांचा रकाना रिकामाच. मी प्रत्येकीला सांगते, बाई गं, रिकामा रकाना म्हणजे अर्धवट हिशेब. ज्या महिन्यात खर्च नाही, तिथेही शून्य लिहायचं असतं, नाहीतर मागून बघणाऱ्याला कसं कळणार? पडले नाहीत ना? मग लिहा शून्य. आज दोघींचे सासरे अंथरुणाला खिळलेले, एकीचे वडील तीन महिने मुलीकडे परगावी. मी तिघींना शून्य लिहायला लावलं. शिवणकाम करणाऱ्या बाई येतात, त्यांना आता सांगावं लागत नाही. त्या येतानाच सुरेख गोल शून्य काढून आणतात आणि मग माझ्याशेजारी अर्धा तास बसतात. सासूबाई कशा आहेत विचारलं की “आहेत” म्हणतात आणि विषय बदलतात. आज पडद्यांच्या कापडाबद्दल बोलत होत्या.

घरी आले तर हे खिडकीबाहेर बघत होते. फाटकापर्यंतची फरशी, फाटक, आणि पलीकडे रस्ता. त्यात रोज काय बघायचं असतं देव जाणे.

मंगळवार, १० फेब्रुवारी

यांनी आज बूट मागितले. “बूट,” म्हणाले, आणि माळ्याकडे बोट दाखवलं. पाच महिने पायात घातले नाहीत म्हणून मी पुसून, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवून दिले आहेत. चांगले बूट आहेत, उगाच धूळ खात का पडायचे. मी म्हटलं, अहो, खुर्चीत बसायला बूट कशाला? ते माळ्याकडेच बघत राहिले. डोक्यावर परिणाम होत चाललाय की काय, या विचाराने दुपारभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता.

या माणसाने पस्तीस वर्षं घरोघरी फिरून विजेची मीटरं वाचली. सहा महिन्यांत तळवे झिजायचे. मी दर वेळी कुरकुरत नवे तळवे लावून आणायची. आता तेवढी तरी बचत.

संध्याकाळी सूनबाईने पुन्हा विचारलं, बाबांना वर्गाला का नेत नाही? मी म्हटलं, दुधाने तोंड भाजलं की माणूस ताकही फुंकून पितं, तू तुझे आकडे बघ.

शनिवार, १४ फेब्रुवारी

सूनबाई ऑफिसातून आली ती तोंड पाडून. तिच्या विभागाच्या मोठ्या डॉक्टरांनी नुसत्या बेरजा मागवल्या आणि त्यावरून निकाल लावून टाकला. व्यायामवाले जास्त पडतात, पत्रकवाले कमी. म्हणजे वर्गामुळेच माणसं पडतात. दीड महिन्यात बंद करा आणि ती खोली दुसऱ्या कामाला द्या.

“एका शितावरून भाताची परीक्षा, आणि तेही शीत दुसऱ्याच्या पातेल्यातलं,” ती म्हणाली. चहा गार झाला तरी कप हातात तसाच. वर्गातली माणसं चालायला लागतात, म्हणून पडतातही, हे त्यांना कसं समजावू, असं म्हणत होती. त्यांनी तिला पाच आठवडे दिलेत. दुसरं काही निघालं तर दाखव, म्हणाले.

मला मनातून डॉक्टरांचं पटलं. चालणारा पडतो, बसणारा पडत नाही. आमच्या घरात पुरावा आहे. पण पोरीचा चेहरा बघून गप्प बसले.

हे तिच्या बोलण्याकडे टक लावून बघत होते. बोटं वाजवायची थांबली होती.

बुधवार, १८ फेब्रुवारी

आज घरात गंमत. सूनबाई सकाळीच उड्या मारत आली. तो ऋण द्विपद साचाही नीट बसत नव्हता, कारण शून्यं फार. साचा म्हणतो शंभरात साठ शून्यं असावीत आणि इथे निघतात ऐंशी. तेव्हा तिने तिसरा साचा लावला आणि तो असा बसला म्हणे, जसा मापाने शिवलेला. मी आनंदाने चहात साखर जास्त घातली.

या साच्यात शून्यांची दोन कुळं असतात. एक शून्य म्हणजे माणूस चालला-फिरला आणि पडला नाही. दुसरं शून्य म्हणजे तिथे पडण्याचा प्रश्नच नव्हता. साचा अंदाजाने दोन्ही वेगळी करतो. मी म्हटलं, शून्य ते शून्य, त्याला कसलं आलंय कुळ. तिने मान हलवली आणि चहाचा घोट घेता घेता एकदम थांबली. पुन्हा उठून फेऱ्या सुरू.

तिला प्रश्न पडला की दुसऱ्या कुळातली एवढी शून्यं आली कुठून? ज्याचं चालणंच बंद, त्याने रकाना रिकामा ठेवून खाली कारण लिहायचं, असं कार्डावर छापलं आहे. मग साच्याने एवढी मेहनत का घ्यावी लागते?

मी म्हटलं, लोक बारीक अक्षर वाचत नाहीत.

“साचा छान बसला की तो खरा आहे असं वाटायला लागतं, आई,” ती म्हणाली. “तीच भीती आहे.”

बारीक अक्षर मीही कधी वाचलेलं नाही.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

आज कशातच लक्ष लागलं नाही. प्रार्थनेला बसले तर ओळी चुकल्या. दूध उतू गेलं. काय बिनसलंय ते कळत नाही.

रविवार, २२ फेब्रुवारी

हे लिहायला हात उचलत नाही, पण लिहिते.

सूनबाईने कोरं कार्ड घरी आणलं होतं. ऐकणाऱ्याला ते कसं वाटतं ते बघायचं म्हणून तिने त्यावरची बारीक अक्षरं आम्हा दोघांना मोठ्याने वाचून दाखवली. ‘महिनाभर चालणे-फिरणे बंद असल्यास वरचा रकाना रिकामा ठेवावा व खाली कारण लिहावे.’ मग मला विचारलं, हे समजायला अवघड आहे का? मी सरळ मनाने म्हटलं, अवघड नाही, पण रिकामं ठेवलं की अर्धवट वाटतं गं, म्हणून मी बाकावर सगळ्यांना सांगते...

आणि थांबले. तीही थांबली. कार्ड तिच्या हातात तसंच.

“काय सांगता?” तिने अगदी हळू विचारलं.

शून्य लिहायला सांगते, मी म्हटलं. तिने विचारलं, किती जणांना? मी म्हटलं, जे बसतील त्यांना. गेल्या पावसाळ्यापासून. ती खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, “मी चार दिवस शून्यांचं मूळ शोधत गावभर फिरले. काखेत कळसा.”

मी बाजू मांडायला लागले. खोटं कुठे आहे? पडले नाहीत तर शून्यच ना? आमच्या घरचंच घ्या, पाच महिने पडले नाहीत, शून्य खरंच आहे. ती घाईने म्हणाली, बाबांचं सांगू नका, मला ते कळायला नको. तेवढ्यात हेच बोलले. शब्द जुळवायला वेळ लागला.

“शून्य नाही,” हे म्हणाले. “घर बंद.”

सूनबाईला कळलं नाही. मला कळलं. मीटर वाचायला गेलं आणि दाराला कुलूप असलं, तर हे कधी शून्य लिहीत नसत. नवशिके लिहायचे आणि बोलणी खायचे. शून्य म्हणजे घरात माणसं आहेत पण वीज वापरली नाही. कुलूप असेल तर शेऱ्यात लिहायचं, ‘घर बंद’. पस्तीस वर्षं रात्री जेवताना मी हे ऐकलं आहे. कुठल्या गल्लीत किती घरं बंद.

मी म्हटलं, मग काय पडू द्यायला हवं होतं का मी तुम्हाला? टाके मी पुसलेत, रक्त मी धुतलंय. आवाज चढला माझा. हे माळ्याकडे बघत होते.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दोन दिवस सूनबाई माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. आज सकाळी आपण होऊन पुढे येऊन बसली. म्हणाली, चूक एकट्या तुमची नाही, कार्ड करणाऱ्यांची आहे, आणि न विचारता साचे लावत बसलेल्या माझी. मोठ्या डॉक्टरांना तिने जसं आहे तसं सांगितलं आहे. ते तिच्यावर भडकले. म्हणे, तुझा तिसरा साचा बसतोय ना, तोच लाव आणि मोकळी हो. ही म्हणाली, बसतोय कारण तो चुकीची शून्यं सांभाळून घेतोय. आधी घरोघरी विचारायचं. मुदत तीच, वाढवून नाही.

मी विचारलं, मी काय करू? ती म्हणाली, बाकावर ज्यांना सांगितलंत, त्यांच्याशी तुम्हीच बोला. माझ्याशी कुणी खरं बोलणार नाही. कुणाला दोष द्यायचा नाही, फक्त विचारायचं, कुठल्या महिन्यात माणूस पायावर होता आणि कुठल्या नव्हता.

देवापुढे बसले, पण काय मागावं ते सुचलं नाही. पाडू नकोस, हेच मागायची सवय. तसं मागितलं तर तो पाडणार नाही, पण उठवणारही नाही, असं काहीतरी मनात आलं आणि मी घाबरून उठले.

शुक्रवार, ६ मार्च

बाकावर तोंड दाखवायचं म्हणजे मेल्याहून मेल्यासारखं. पण गेले. प्रत्येकीला म्हटलं, मी चुकीचं सांगत होते, आता खरं सांगा. एक दोघी वैतागल्या. अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांची सून म्हणाली, तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं, आता पोलिस येणार का? व्यायामाच्या ताई वही घेऊन शेजारी बसल्या आणि महिने उतरवून घेत होत्या.

शिवणकाम करणाऱ्या बाई शेवटी आल्या. हातात कार्ड, त्यावर सुरेख गोल शून्य. मी विचारलं, सासूबाई कुठल्या महिन्यात चालत होत्या? त्या कार्डाकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या गेल्या. ऑगस्टात.”

ताईंचा हात थांबला. मी म्हटलं, अहो, मग कार्ड?

“पडल्या नाहीत ना,” बाई म्हणाल्या. “तुम्हीच म्हणालात, पडल्या नाहीत तर शून्य लिहा.” आणि खाली बघून, “कार्ड नसेल तर इथे बसायला कशाला यायचं? दिवसभर मशीन आणि मी. महिन्यातून एकदा तुमच्याशी बोलायला मिळतं.”

मी त्यांचा हात धरला. हे वर्गात नसताना मी तरी दर महिन्याला त्या बाकावर कशासाठी येत होते? सेवा, सेवा म्हणत होते. घरात खुर्चीशी बांधलेला माणूस आणि खिडकी. खरं तर मीच सुटून येत होते.

बाईंना सांगितलं, पुढच्या वेळी कार्डाशिवाय या. मी असेन.

शनिवार, ७ मार्च

माळ्यावर चढले. हे “सावकाश” म्हणाले. सहा महिन्यांत मला त्यांनी जपल्याचं हे पहिलंच वाक्य, कारण एवढे दिवस जपणं सगळं माझ्याकडेच होतं. बूट काढले. कागद सोडवला. पाय सुजल्यामुळे उजवा आत जाईना. नाडी पूर्ण सोडून घातला.

फाटकापर्यंत गेलो. मी धरून. परत येताना मधल्या फरशीवर थांबले, दम लागला होता, घाम आला होता, आणि चेहरा असा, जसं कुणीतरी घराचं कुलूप काढलंय. मला मात्र सगळा वेळ धडधडत होतं. अजूनही धडधडतंय.

बुधवार, ११ मार्च

सूनबाईने शोधून काढलेले महिने बसवले. ज्या महिन्यात माणूस पायावर होता, तेवढेच मोजायचे. बाकीचे रिकामे. आणि काय गंमत, तो मापाने शिवलेला तिसरा साचा आता लागतच नाही. शून्यांचं दुसरं कूळ जवळजवळ नाहीसंच झालं. साधा ऋण द्विपद, प्रत्येकाला आपली पायरी, आणि पायावर असलेले महिने. एवढ्यावर भागलं.

“एवढा भारी साचा मी कशासाठी आणला होता, तर लोकांना न विचारण्यासाठी,” ती म्हणाली. मी म्हटलं, मीही तेच केलं, फक्त साच्याविना. दोघी हसलो. बऱ्याच दिवसांनी.

पण ती अजून अस्वस्थ आहेच. म्हणे, अंथरुणावरची माणसं वगळली की तेही पूर्ण खरं नाही, कारण एखादा पडल्यामुळेच अंथरुणाला लागला असेल. ते अहवालात स्पष्ट लिहिणार आहे. तिला कुठलंही उत्तर मिटवून ठेवता येत नाही. आधी मला हा तिचा दोष वाटायचा.

बुधवार, १८ मार्च

आज मोठ्या डॉक्टरांपुढे तिचं काम मांडलं गेलं. निकाल असा, की पायावर असलेल्या महिन्यांचा हिशेब धरला तर वर्गातली माणसं पत्रकवाल्यांपेक्षा कमी पडतात. साधारण तीनातलं एक पडणं टळतं. पण हा अंदाज आहे, त्याची एक बाजू निम्म्यापर्यंत जाते आणि दुसरी जवळजवळ काहीच नाहीपर्यंत. डॉक्टर म्हणाले, म्हणजे नक्की काहीच सांगता येत नाही. ही म्हणाली, वर्ग माणसं पाडतो हे तर मुळीच सांगता येत नाही. वादावादी झाली. शेवटी वर्ग आणखी सहा महिने, नव्या कार्डासकट. मग पुन्हा बघू.

मला वाटलं होतं ही नाचत येईल. ती येऊन सोफ्यावर आडवी झाली आणि म्हणाली, सहा महिने म्हणजे पुन्हा येरझारा.

नवं कार्ड मी वाचलं. बारीक अक्षरसुद्धा. आता बारीक अक्षर नाहीच. ‘किती दिवस घराबाहेर चालले’ असा मोठा रकाना आहे आणि त्याच्या खाली लिहिलंय, चालणं बंद असेल तर वरचा रकाना रिकामा ठेवा, रिकामा म्हणजे चूक नाही.

मंगळवार, २४ मार्च

हे आज वर्गाला गेले. वर्ग सुरू होऊन थोडाच वेळ झाला तोवर ताईंनी मला बाहेर बसायला सांगितलं. मी दाराच्या काचेतून बघत होते तर त्यांनी काचेवर कागद लावला. माझ्या सोबतीला आलेल्या शिवणकामाच्या बाई हसल्या.

मंगळवार, ३१ मार्च

आज दुपारी पडले.

फाटकाशी. मी आत कणीक मळत होते. धप्प झालं. बाहेर धावले तर सूनबाई माझ्या आधी पोचलेली, पण ती त्यांना उचलत नव्हती. हात मागे बांधून उभी. मी ओरडणार होते. तिने मला डोळ्यांनी थांबवलं.

हे कुशीवर वळले. डाव्या कोपरावर भार घेतला. गुडघा खाली घेतला, फाटकाची सळई धरली. वर्गात शिकवतात तसं, एकेक. सळई थरथरत होती. मग उभे राहिले. पँटला माती, तळहाताला खरचटलेलं, रक्ताचा एक थेंब. माझ्याकडे बघून म्हणाले, “बघितलंस?”

बघितलं, मी म्हटलं. कणकेच्या हातांनीच त्यांची माती झाडली आणि आणखी घाण केली.

संध्याकाळी कार्ड घेऊन बसले. चालले किती दिवस, तर यांना विचारलं, यांनी बोटं मोजली आणि मी एकोणीस लिहिलं. वरच्या रकान्यात पेन टेकवलं आणि हात थांबला. पाच महिने तिथे सुरेख गोल शून्य काढत होते. हे खुर्चीत नव्हते, दारात उभे राहून माझ्या हाताकडे बघत होते. नव्या माणसाने मीटर नीट वाचलं की नाही ते बघावं, तसे.

मी एक लिहिला. त्यांनी मान हलवली आणि बूट काढायला बसले.